मदत हवी आहे: गुरांच्या मुतामुळे कुरणात नत्र जास्त झालाय, माती तपासायची कशी?

आमच्या चराईच्या कुरणात पाण्याच्या टाकीजवळ आणि झाडाखाली गाई तासन्‌तास बसून असतात, तिथं गवतात मध्येच जळून पिवळे पडलेले डाग आणि कडेनं गडद हिरवं, तरारलेलं रिंगण असं दिसतंय, आणि आधी होतं ते क्लोव्हर (शेंगवर्गीय चाऱ्याचं रोप) तिथून जवळपास गेलंच. युरिया किंवा दुसरं कुठलंही खत आम्ही टाकत नाही, म्हणजे हा बहुतेक मुतातलाच नत्र. गाय मुतते तेवढ्या जागेत हेक्टरी ५०० ते १००० किलोच्या हिशोबानं नत्र पडू शकतो, एवढा गवताला झेपणार कुठून, उरलेला नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली जातो आणि माती आम्लधर्मी करून जातो ते वेगळंच.

टाकी हलवून बघितली, कुरणाचे भाग पाडून गुरं फिरवली, थोडा फरक पडला. जनावरं कमी करता येणार नाहीत आणि नांगरायचंही नाहीये. माती परीक्षण झालंय पण सगळीकडची माती एकत्र करून, त्यात सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल ते) ठीकच आला (सरासरीत डाग कुठला दिसणार म्हणा).

तर डागांतली माती वेगळी द्यायची का, किती खोलीवरून घ्यायची, पावसाआधी की नंतर? आणि चुना फक्त तेवढ्याच जागेत टाकला तर चालेल का?