एकाच कौशल्यात मुरावं की चार शिकावीत?

काठावरचा:
दहा वर्षं फ्लॅशवर (वेबपानांवर ॲनिमेशन आणि गेम चालवणारं सॉफ्टवेअर) ॲक्शनस्क्रिप्ट, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कोड लिहिला, दुसरं काही नाही. हात असा बसला होता की लोक अडलं की मलाच विचारायचे. जुलै २०१७ मध्ये ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं जाहीर केलं, २०२० अखेर फ्लॅश प्लेअर बंद. झालाच. एका जागी मुरण्यापेक्षा चार गोष्टी बऱ्यापैकी येणं शहाणपणाचं, असं आता माझं मत आहे. खोडून काढा.

खणत_राहा:
एक ना धड, भाराभर चिंध्या! अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथनं १७७६ मध्येच ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचं गणित मांडलंय: काम वाटून घेतलं तर दहा जण दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, एकट्यानं सगळं करायचं तर वीसही होणार नाहीत. मेंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर हरहुन्नरी डॉक्टर शोधाल का?

चौफेर:
स्मिथ अर्धाच वाचलात. जन्मभर दोन-चार सोप्या क्रिया करणाऱ्याची बुद्धी गंजते, हेही त्याच ग्रंथात आहे. आणि टाचण्या आता यंत्रं करतात.

खणत_राहा:
टाचण्या सोडा. ज्युडिथ पोल्गार १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, सर्वांत कमी वयाचा बॉबी फिशरचा विक्रम मोडून. लहानपणापासून बुद्धिबळ एके बुद्धिबळ.

चौफेर:
घोडा अडीच घरं चालतो हे कुणी पत्रक काढून बदलत नाही हो. इथे तर पटच उचलून नेला! नियम टिकणारे असतील तिथे खुशाल खणा. बाकी ठिकाणी एक डोळा बाहेर हवाच.

जुनं_खोड:
काठावरचा, रागावू नका, पण तुम्ही अवजारालाच कौशल्य समजलात. फ्लॅश बनवायचं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ॲनिमेट नाव घेऊन पुढे चालूच राहिलं. ॲक्शनस्क्रिप्ट आणि वेबपानांची भाषा जावास्क्रिप्ट तर एकाच घराण्यातल्या. हालचालीची लय, इव्हेंट (क्लिक, कळ दाबणं वगैरे) कसे हाताळायचे, चूक कुठे शोधायची, यातलं काय बंद पडलं?

काठावरचा:
बोचलं, पण खरंय. जावास्क्रिप्टवर यायला मला चारच महिने लागले. त्याआधीची दोन वर्षं मात्र नुसतं सुतक पाळलं. दुसरं काही थोडंफार येत असतं तर इतका घाबरलो नसतो.

खणत_राहा:
चार महिन्यांत जमलं ते आधी दहा वर्षं खणलं म्हणून. माझाच मुद्दा झाला की.

चौफेर:
आणि दोन वर्षं वाया गेली ती कशामुळे?