टाळेबंदीत मदत न मागणाऱ्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचावे कसे?

प्रश्न

२०२० मधील टाळेबंदीच्या काळात आमच्या इमारतीतील २४ घरांच्या मदतीची व्यवस्था आम्ही चौघे मिळून पाहत होतो. कोणाला काय हवे आहे ते सकाळी दहापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिहायचे, आमच्यापैकी दोघांनी बाहेर जाऊन ते एकदम आणायचे आणि दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या दारात ठेवून, घंटी वाजवून मागे सरायचे, अशी साधी पद्धत होती. विलगीकरणातील घरांचा कचरा वेगळा बांधून घेणे, रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या मुलांकडे लक्ष ठेवणे, ज्यांना ऑनलाइन पैसे भरता येत नव्हते त्यांची बिले भरून देणे, ही कामेही हळूहळू त्यात आली. आलेली एकही मागणी आम्ही परत पाठवली नाही आणि त्याचे समाधान मला आजही आहे.

तिसऱ्या मजल्यावर एक काका एकटे राहतात. त्या वेळी त्यांचे वय ७४ होते. गटावर रोज सकाळी त्यांचा नमस्कार येत असे. मी जिन्यात दोनदा थांबून, "काका, काही हवे आहे का?" असे विचारले होते आणि दोन्ही वेळा "काही नको, सगळे आहे घरात," हेच उत्तर मिळाले होते. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. त्या पुरवण्यासाठी ते रोज अर्धी गोळी घेत होते आणि शेवटचे पाच दिवस तीही उरली नव्हती. एका पहाटे चक्कर येऊन ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. खालच्या घरातील लोकांनी आवाज ऐकला, म्हणून वेळेवर कळले. काका आज सुखरूप आहेत. परंतु इतरांच्या औषधांच्या पिशव्या घेऊन मी त्याच पंधरवड्यात त्यांच्या दारावरून निदान सहा वेळा गेले होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता इमारतीसाठी अशा प्रसंगाची योजना लिहून ठेवण्याचे ठरले आहे. मागणी आल्यावर ती पुरवायची कशी हे आम्हाला येते. जो मागणारच नाही त्याच्यापर्यंत, त्याच्या घरात नाक न खुपसता, पोहोचायचे कसे हे येत नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांच्यावर मदत घेण्याची वेळ आली होती, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी त्या काकांच्या बाजूची आहे, म्हणून आधी लिहिते. निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते, आणि टाळेबंदीत मलाही दुसऱ्यांनी आणून दिलेल्या सामानावर दिवस काढावे लागले.

पहिल्या दोन खेपांना मुलांनी माझ्याकडून पैसेच घेतले नाहीत. "आजी, पैशांचे नंतर पाहू," असे ती म्हणाली आणि ते अगदी मनापासून म्हणाली, याबद्दल मला शंका नाही. तिसऱ्या खेपेला मात्र मी काही मागितलेच नाही. किती देणे झाले आहे हे ठाऊक नसताना त्यात आणखी भर घालायला मन धजत नाही. ज्याने आयुष्यभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवला आहे, त्याला तर हे फारच जड जाते. पुढे त्यांच्यातल्या एका मुलीच्या हे लक्षात आले असावे, कारण ती पिशवीत रकमेची चिठ्ठी ठेवू लागली. मी तेवढे पैसे पाकिटात घालून दाराबाहेर ठेवत असे आणि त्या दिवसापासून काय हवे ते सांगताना माझी जीभ अडखळली नाही.

इंग्लंडमधील ईयम या गावात १६६५ मध्ये प्लेग शिरला आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये गावकऱ्यांनी, साथ बाहेर पसरू नये म्हणून, स्वतःहून गावाची वेस बंद करून घेतली. त्या साथीत गावातील अडीचशेहून अधिक माणसे गेली. बाहेरचे लोक वेशीवरच्या दगडांपाशी सामान ठेवून जात आणि गावकरी त्या दगडांना पाडलेल्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत, म्हणजे नाण्यांबरोबर रोग जाणार नाही अशी त्यांची समजूत होती. काही मदत विनामूल्यही येत होती. तरीही मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी मोल चुकते करण्याची वाट इतक्या काळजीने राखून ठेवली, याचे मला त्या टाळेबंदीत फार अप्रूप वाटले होते. ज्याला खरोखरच पैसे देणे शक्य नाही त्याचा विचार वेगळा करावा. परंतु ज्याला शक्य आहे त्याचे पैसे नाकारू नयेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्याच मुलीने एक दिवस मला विचारले, "आजी, आमच्या यादीतल्या सहा ज्येष्ठांना रोज संध्याकाळी पाच वाजता फोन कराल का? आम्हाला वेळ होत नाही." मी अर्थातच केला. त्यानंतर मी मदत घेणारी उरले नाही. त्या कामातली एक झाले. शिवाय मुलांना जे कोणी सांगत नव्हते ते मला सांगत, कारण मीही त्याच पिशवीतून घेते हे त्यांना माहीत होते. कोणाचा चष्मा मोडला होता, कोणाची कवळी बसत नव्हती, एकांना रात्री दिवा बंद करून झोपण्याची भीती वाटू लागली होती. आपल्या काकांना "काही हवे का?" असे विचारण्याऐवजी "माझे एवढे काम कराल का?" असे विचारून पाहिले असते, तर गोळ्यांची गोष्ट बोलण्याच्या ओघात निघाली असती असे मला वाटते.

प्रतिसाद २

मी परिचारिका आहे आणि त्या काळात रुग्णालयातील पाळी संपल्यावर आमच्या वस्तीतील घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांना फोन करत असे. माझे म्हणणे प्रश्न विचारण्याच्या रीतीपुरतेच आहे.

"बरे आहात ना?" या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले असते. ज्याला आपण विचारतो तो सौजन्याने "हो" म्हणतो. म्हणून ज्याचे उत्तर देण्यासाठी उठून पाहावे किंवा मोजावे लागेल असा प्रश्न विचारावा. "गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि किती उरल्या आहेत ते मोजून सांगा," असे म्हटले की आकडा मिळतो; आकड्यावरून औषध कोणत्या तारखेला संपेल ते कळते, आणि ती तारीख वहीत लिहिली की त्या माणसाला मागावेच लागत नाही. आम्ही सात दिवसांचे औषध उरलेले असतानाच पुढचे आणत असू, कारण औषध पहिल्याच ठिकाणी मिळेल याची खात्री नसे. रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबवली तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो, त्यामुळे अर्धी गोळी किंवा खंड ही किरकोळ बाब समजू नये.

कोविडच्या रुग्णांबाबत तर "बरे वाटते" या उत्तरावर विसंबणे धोक्याचे होते. रक्तातील ऑक्सिजन बराच उतरला तरी काही रुग्णांना धाप लागल्याचे जाणवतच नसे, आणि म्हणूनच ऑक्सिमीटर घरोघर फिरवण्याला अर्थ होता. ९५ किंवा त्याहून अधिक आकडा सामान्य मानला जात असे. तो ९४ च्या खाली गेला की आम्ही डॉक्टरांना कळवत होतो. हात गार असतील, नखांना रंग लावलेला असेल किंवा बोट हलत असेल तर आकडा चुकतो, आणि सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसण्याचीही शक्यता असते. त्यामुळे मी आकड्याबरोबर रुग्णाला एक लांब वाक्य मोठ्याने वाचायला सांगत असे. वाक्याच्या मध्ये श्वासासाठी थांबावे लागले, तर ते फोनवरही ऐकू येते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही अनुभव मोलाचे आहेत, परंतु माणसे का मागत नाहीत याचे एक कारण त्यांत आलेले नाही. आधी ज्यांनी मागितले त्यांचे काय झाले, हे त्यांनी पाहिलेले असते.

आमच्या इमारतीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा सर्वांनी सावध राहावे या सद्हेतूने त्या घराचा क्रमांक सूचनाफलकावर लावण्यात आला. त्या कुटुंबातील मुलाने गच्चीवर पाऊल ठेवले की इतर मुलांना खाली बोलावून घेतले जाऊ लागले, आणि हे त्यांचे विलगीकरण संपल्यानंतरही कित्येक आठवडे चालले. पुढे आणखी दोन घरांत ताप आला. त्या दोन्ही घरांनी तो लपवला, औषधे दूरच्या नातेवाइकांकडून मागवली आणि दोन्ही घरांत आजार सर्वांना झाला. फलकावर घराचा क्रमांक लावण्याला मीही त्या वेळी होकार दिला होता, हे येथे सांगणे मला आवश्यक वाटते. तुमच्या योजनेत आजाराची माहिती नेमक्या कोणत्या दोन व्यक्तींकडे राहील आणि ती केव्हा नष्ट केली जाईल, हे पहिल्याच पानावर लिहावे. बाकीच्यांना "त्या मजल्यावर एक पिशवी ठेवायची आहे" इतके कळले तरी पुरते.

आणखी एक प्रकार आहे. काही घरांत बोलणारा माणूस मोकळा नसतो. टाळेबंदीत घरगुती हिंसाचार अनेक देशांत वाढला आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी एप्रिल २०२० मध्ये त्याबाबत जाहीर आवाहन केले होते. स्पेनच्या कॅनरी बेटांवर त्याच्या आधीच, मार्चमध्ये, अशी सोय झाली होती की स्त्रीने औषधांच्या दुकानात जाऊन "मास्क १९" असे म्हणावे आणि दुकानदाराने त्यावरून ओळखून मदत बोलवावी. हा उपाय मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या ठिकाणी जाण्याला घरातून हरकत घेता येत नव्हती तेच ठिकाण त्यासाठी निवडले होते. रोज फोन करणाऱ्याने अशा घरी उत्तर "हो" किंवा "नाही" इतकेच देता येईल असे प्रश्न विचारावेत आणि "मी उद्या याच वेळी पुन्हा फोन करू का?" असे विचारून थांबावे. दारात जाऊन चौकशी करू नये. त्याचा त्रास नंतर आतल्या माणसाला होतो.

प्रतिसाद ४

मदतीला तयार असलेल्या माणसांची तेव्हा सहसा वाण नव्हती. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने मार्च २०२० मध्ये २,५०,००० स्वयंसेवक हवेत असे आवाहन केले, तर काही दिवसांतच सुमारे ७,५०,००० लोकांनी नावे दिली. त्यांच्यातील कित्येकांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत काम आलेच नाही. त्यामुळे प्रश्नकर्तीने योग्य जागी बोट ठेवले आहे.

शिकागोत जुलै १९९५ मध्ये उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी एकमेकींना लागून असलेल्या नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्यांची तुलना केली. गरिबी आणि एकट्या वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे असूनही पहिल्या वस्तीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या कित्येक पटींनी अधिक होते. दुसऱ्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते, वृद्ध माणसे रोज घराबाहेर पडत आणि एखादा दिसला नाही तर लोकांच्या ते लक्षात येई. पहिलीत घरे आणि दुकाने ओस पडली होती आणि माणसे भीतीने दार लावून बसत. टाळेबंदीत हे दिसणे-भेटणेच बंद होते. दूध घ्यायला उतरणारा, फिरायला जाणारा, जिन्यात थांबून बोलणारा माणूस दिसेनासा होतो आणि त्याचे न दिसणे कोणाला खटकत नाही, कारण कोणीच दिसत नसते.

आम्ही त्यासाठी साखळी केली होती. प्रत्येक घराने सकाळी नऊनंतर पुढच्या घराला फोन करायचा, त्याने त्याच्या पुढच्या घराला, आणि शेवटच्या घराने पहिल्याला. पहिल्या घराला अकरापर्यंत फोन आला नाही तर साखळी कोठे तुटली ते मागे मागे विचारत जायचे. यात कोणावर लक्ष ठेवले जात आहे असे वाटत नाही, कारण प्रत्येक जण कोणाचा तरी फोन घेतो आणि कोणाला तरी करतो. गटावर टाकलेल्या नमस्काराने हे काम होत नाही. तो सवयीने येतो आणि त्यात आवाज नसतो. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांची तयारी होती, त्यांनी घराची एक किल्ली आपल्या पसंतीच्या शेजाऱ्याकडे दिली होती. शेजारी कोणता, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच होता.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मी काकांकडे गेले आणि त्यांच्या परवानगीने हे सर्व प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले. इतक्या वर्षांत जे विचारण्याचे धैर्य झाले नव्हते तेही विचारले. ते म्हणाले, "तू नेहमी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घाईत असायचीस. मला वाटले, ज्यांची गरज माझ्यापेक्षा मोठी आहे त्यांचे आधी होऊ दे." संकोच, हिशेब आणि भीती यांखेरीज हेही एक कारण असू शकते, आणि ते माझ्या चालण्याच्या गतीतून त्यांच्यापर्यंत पोहोचले होते, हे मला कधीही सुचले नसते.

फोनची साखळी, रकमेची चिठ्ठी आणि माहिती दोघांकडेच ठेवण्याचा नियम आम्ही मसुद्यात घेतला आहे. फलकावर काय लावायचे नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. औषधे संपण्याच्या तारखांची वही कोणी ठेवावी यावर चर्चा चालू असताना मी ते काम काकांना विचारले आणि त्यांनी ते लगेच स्वीकारले. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची तारीख मात्र माझ्याकडे राहील. ते त्यांनीच सुचवले आणि पट्टी आणून, माझ्यासमोर मोजून, आकडा लिहायला सांगितला.