शब्दचर्चा: ‘लोभ असावा’ आणि ‘द्रव्याचा लोभ’

प्रश्न (इंदूर)
लग्नपत्रिकेच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ छापतो. इथली हिंदी माध्यमात शिकलेली मुलं विचारतात, लोभ तर वाईट, मग तो असावा कसा? बायबलच्या अभ्यासवर्गात तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं ६:१० आलं, ‘द्रव्याचा लोभ सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ आहे’, की पुन्हा तेच. शब्द एक की दोन?

उत्तर
एकच, संस्कृत ‘लुभ्’ धातूवरून आलेला. हिंदीत वाईट अर्थ तेवढा उरला, मराठीत दोन्ही नांदतात. खूण शब्दाला काय जोडलं जातं त्यात आहे. माया असेल तर ‘वर’ येतं: काकूंचा आमच्यावर फार लोभ. हाव असेल तर वस्तूला ‘चा’ लागतो आणि माणसाला ‘ला’: त्याला पैशाचा लोभ सुटला. ‘लोभस’ पहिल्या घरातला, ‘लोभी’ दुसऱ्या.

उत्तर
त्या वचनातला ग्रीक शब्द पाहिला तर मराठी भाषांतर किती नेमकं आहे ते कळतं. शब्द आहे फिलार्गुरिया. फिलोस म्हणजे प्रीती करणारा, आर्गुरोस म्हणजे चांदी. चांदीवर जडलेली प्रीती! माणसावर, देवावर असायचा तो लोभ धातूवर गेला. म्हणून इथे ‘हाव’ बसवू नये. हावेला ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे, प्लेओनेक्सिया, म्हणजे ‘आणखी आणखी आपल्याकडे असणे’. तो लूक १२:१५ मध्ये येतो. कलस्सैकरांस पत्रात (३:५) तर त्याला सरळ मूर्तिपूजा म्हटलं आहे.

एक चूक सर्रास होते. ‘पैसा सगळ्या वाइटाचं मूळ’ असं लोक म्हणतात. वचनात पैसा मूळ नाही, लोभ मूळ आहे. हा शब्द गाळला की ज्याच्याकडे पैसा नाही तो स्वतःला सुरक्षित समजतो, आणि धोका तिथेच आहे.

प्रश्न
आणि मत्तय ६:२४? देवाची आणि धनाची, दोघांची चाकरी करता येत नाही म्हणतात ते?

उत्तर
तिथे ‘चाकरी’ थोडी कमी पडते. चाकर पगारी, सकाळी एकाकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे राबू शकतो. ग्रीक क्रियापद गुलामाचं आहे, ज्याच्यावर धन्याची पूर्ण मालकी असते. ‘दास्य’ म्हटलं की ‘दोघांचं जमणार नाही’ हे आपोआप कळतं.

उत्तर
लोभ कसा वाढतो हे पाहायचं तर यहोशवा ७:२१ मधली, यरीहोच्या लुटीतून चोरी करणाऱ्या आखानाची कबुली वाचा. पाहिलं, लोभ धरला, घेतलं, आणि माल तंबूत पुरलेला आहे. या ‘लोभ धरला’साठी हिब्रूत जो धातू आहे, तोच दहाव्या आज्ञेत (‘लोभ धरू नको’) आहे. माल असा: एक उंची झगा, २०० शेकेल चांदी, ५० शेकेल सोन्याची एक लगड. शेकेल अंदाजे ११.४ ग्रॅम, म्हणजे जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याच्या अगदी जवळ. सोनं झालं साधारण ५७० ग्रॅम. सराफ्यात आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या हिशेबाने ५७ तोळे, आणि चांदी सव्वादोन किलोच्या वर. एवढ्यासाठी! ती लूट देवाला वाहिलेली होती, तिला हात लावायचा नव्हता. या चोरीपायी पुढच्या लढाईत आय नगरापुढे जी ३६ इस्राएली माणसं पडली, त्यांना तर या पुरलेल्या मालाची खबरही नव्हती.

उत्तर
असाच दोन अर्थांचा शब्द ‘ऐकणे’ घ्या. हिब्रू शामा म्हणजे कानाने ऐकणे आणि आज्ञा पाळणेही. मराठीचं तेच, फक्त इथे ‘चं’च्या पुढे काय येतं ते पाहायचं. ‘आईचं बोलणं ऐकलं’ म्हणजे कानावर आलं, ‘आईचं ऐकलं’ म्हणजे तसं वागलं. (हिंदीच्या वळणाने ‘आईला ऐकलं’ म्हणू नये, त्यात हा फरकच बुडतो.) १ शमुवेल १५ मध्ये राजा शौलाने अमालेकी लोकांचं सगळं नष्ट करण्याची देवाची आज्ञा ऐकली होती, देवाचं ऐकलं नाही. अमालेक्यांची उत्तम मेंढरं-गुरं राखून ठेवली आणि वर ‘यज्ञासाठी ठेवली’ म्हणाला. संदेष्टा शमुवेल विचारतो, मग माझ्या कानी हा मेंढरांचा आवाज कसला? हिब्रूत त्या बेंबटण्याला जो शब्द आहे, कोल, तोच १९ व्या वचनात परमेश्वराच्या वाणीला आहे. शौलाने कोणता कोल ऐकला, ते त्या मेंढरांनीच सांगून टाकलं.