कॅरिंग कपॅसिटी : वहनक्षमता की धारणक्षमता?

रानवाट : पर्यटनस्थळाच्या आराखड्याचं भाषांतर चालू आहे. ‘कॅरिंग कपॅसिटी’ला, म्हणजे एखादी जागा नासधूस न होता किती माणसं झेलू शकते त्याला, बातम्यांत वहनक्षमता दिसते, पर्यावरणाच्या लिखाणात धारणक्षमता. कोणता शब्द घ्यावा?

शब्दखोर : धारणक्षमता. वहन हे पुलाचं, नळाचं, ट्रकचं काम. डोंगर माणसांना कुठे नेत नाही, अंगावर घेतो. कुरणात किती गुरं पोसतील हाही धारणेचाच हिशेब.

मोजपट्टी : मुळात आकडे दोन आहेत : एका वेळी किती आणि दिवसाला किती. फिलिपिन्सचं बोराकाय बेट 2018 मध्ये सहा महिने बंद ठेवून पुन्हा उघडलं, तेव्हा एका वेळी 19,215 पर्यटक आणि दिवसाची आवक 6,405 अशी मर्यादा घातली. बरोबर तिप्पट, कारण मुक्काम सरासरी तीन दिवसांचा. मुक्काम लांबला तर आवक तेवढीच राहूनही बेट तुंबतं. एका वेळच्या आकड्याला धारणक्षमता म्हणा, दिवसाच्या आकड्याला दैनिक आवक-मर्यादा.

रानवाट : आणि आराखड्यातल्या ‘फिजिकल’, ‘रिअल’, ‘इफेक्टिव्ह’ कॅरिंग कपॅसिटीला?

मोजपट्टी : ती संरक्षित क्षेत्रांचे अभ्यासक सिफुएंतेस यांची 1992 ची पद्धत; तिच्यात क्षमता दिवसाच्या भेटींत मोजतात. समजा जागा 2,000 चौ.मी., माणशी 4 चौ.मी.; एका वेळी 500. स्थळ 8 तास खुलं, भेट 2 तासांची, म्हणजे 4 फेऱ्या, दिवसाला 2,000. ही भौतिक. पावसात पाव वेळ जातो (×0.75), वाटेची धूप होते (×0.8), उरले 1,200. ही वास्तविक. रक्षक, शौचालयं, कचऱ्याची उचल गरजेच्या निम्मीच असेल तर 600. ही ‘इफेक्टिव्ह’; हिला ‘परिणामकारक’ म्हटलं की औषध आठवतं, ‘व्यवस्थापनसापेक्ष’ बरं. घोटाळा हा होतो, की तिकीटखिडकीवर 2,000 चाच आकडा जातो.

शब्दखोर : शिवाय 600 म्हणजे फेरीला 150. सगळे सूर्यास्तालाच आले तर दिवसाची मर्यादा पाळूनही चौपट गर्दी.

पानगळ : ‘किती माणसं’ हा प्रश्नच अपुरा आहे. बेशिस्त पन्नास जण शिस्तीच्या दोनशेंपेक्षा जास्त नासधूस करतात. अमेरिकी वनसेवेने 1985 मध्ये मांडलेली चौकट विचारते, किती झीज चालेल? वाट किती रुंदावली, किती मुळं उघडी पडली, हे मोजायचं. तिला ‘स्वीकार्य बदलाची मर्यादा’ म्हणा. क्षमता हा शब्द तिथे नकोच.

रानवाट : आणि फेरीच्या ‘टाइम स्लॉट’ला? ‘कालखंड’ सुचतोय.

शब्दखोर : कालखंड इतिहासाचा असतो, दोन तासांचा नाही. स्लॉटच ठेवा.