मदत हवी आहे: वाड्यातला थ्रिलर, सहा जण आणि तीन दिवस

मोरपंखी_वही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागलंय, आधीच माफी मागते.

आम्ही कोल्हापुरात मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. सहा जणांचा गट आणि दहा मिनिटांच्या आतली थ्रिलर फिल्म करायचीय. गट सरांनी पाडलेत, आम्ही नाही, हे मुद्दाम सांगते. वर्गणी काढून ९,००० रुपये जमलेत. कॅमेरा म्हणजे दोघांचे फोन, शिवाय एक ट्रायपॉड, एक एलईडी पॅनल आणि ऑनलाइन मागवलेला कॉलर माइक. लोकेशन मात्र एक नंबर मिळालंय: मंगळवार पेठेत मैत्रिणीच्या आजीचा जुना वाडा. आजींनी तीन दिवस दिलेत, पण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवेलागणीला सगळ्यांनी बाहेर. आणि आमच्या आठ सीनपैकी पाच सीन रात्रीचे आहेत!

गोष्ट अशी: एक मुलगी वाड्यात खोली घेऊन राहायला येते. खोलीत आधीपासून एक रूममेट आहे. मेसचा डबा रोज येतो. एका रात्री दाराशी दुसराच डबा ठेवलेला असतो, स्टीलचा, झाकणावर कुणा मुलीचं नाव कोरलेलं. आत हिच्या आवडीचं जेवण. जेवली की हिला मेल्यासारखी झोप लागते आणि सकाळी खोलीतली एखादी वस्तू जागेवर नसते. त्या नावाची मुलगी इथं कधी राहिलीच नाही, असं सगळे सांगतात. शेवटी कळतं की डबा रूममेटच ठेवत होती, आणि आधीच्या मुलीलाही तिनंच.

आता अडचणी. हा शेवट वर्गात ज्यांना ज्यांना ऐकवला त्यांनी दुसऱ्या मिनिटालाच ओळखला. म्हणून आमच्यातल्या दोघांना भूत हवंय. एकाला शेवट मोकळा सोडायचाय, कारण त्याच्या मते तसं केलं की परीक्षक गप्प बसतात. गेल्या रविवारी टेस्ट शूट केलं. ती दार उघडते, डबा बघते, खाली बसते, एवढाच शॉट. दोन तास गेले. तिघं जण ‘कट’ म्हणत होते, तेही वेगवेगळ्या वेळी. फोनवर बघितलं तर ट्यूबलाइटखाली अख्ख्या चित्रात काळसर पट्टे वर सरकतायत. आवाजात तिचं वाक्य कमी आणि शेजारच्यांचा कुकर जास्त.

आणखी एक म्हणजे गल्लीत चाकू घेऊन पाठलागाचा एक सीन आहे. तो करावा का? सरांना विचारलं तर ‘तुम्हीच शोधा, त्यालाच शिक्षण म्हणतात’ म्हणाले. म्हणून तुमच्याकडे आले.

तांबडापांढरा

ताई, पहिल्यांदा चाकूचं बघा. पेठेत कोण चाकू घेऊन पळताना दिसलं तर लोक फोन काढून व्हिडिओ करणार, आणि त्यातला एक जण शंभर टक्के पोलिसांना फोन लावणार. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करून जवळच्या पोलीस ठाण्यात आधी देऊन या, तारीख, वेळ, गल्ली लिहून. आजूबाजूच्या घरांत एकदा तोंडी सांगून या. चाकू पुठ्ठ्याचा करा आणि वर चांदीचा कागद लावा. खरं सांगू, तुमच्या गोष्टीत डबा आहे, तर चाकू कशाला पाहिजे? मी असतो तर पाठलागच काढला असता.

रात्रीचं सोपं आहे. वाड्याच्या खिडक्या बारक्या असतात. घरोघरच्या घोंगड्या गोळा करा आणि बाहेरून लावा. काळी घोंगडी प्रकाश जसा अडवते तसा घरातला साधा पडदा अडवत नाही. फटी राहिल्या तर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटपट्टीनं मारा. आत दुपारी बारालाही मध्यरात्र होते. फक्त जेवणाच्या सुट्टीत दार उघडून बसा, नाहीतर एखादी पोरगी चक्कर येऊन पडायची.

आणि कॅमेरा नाही म्हणून रडायचं नाही. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांचं गाव आहे हे. कॅमेरा मिळेना तर त्यांनी इथंच तयार केला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, जाता येता एक नमस्कार करा.

लाइन_क्रॉस

मी मुंबईत मालिकांवर सहायक दिग्दर्शक आहे, त्यामुळे गटाच्या भांडणाबद्दल बोलायचा माझा हक्कच आहे.

तिघांनी ‘कट’ म्हणायचं हे आजच बंद करा. सेटवर ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ एकाच्याच तोंडून. बाकीच्यांना काही खटकलं तर टेक झाल्यावर त्याच्या कानात सांगायचं, सगळ्यांसमोर नाही. नटाला सूचना तोच देणार. सहा जणांत असं वाटा: दिग्दर्शन एक, कॅमेरा एक, आवाज एक. चौथा माणूस घड्याळ, यादी आणि कंटिन्युइटी बघेल. उरलेल्या दोघी नायिका आणि रूममेट, आणि ज्या वेळी ज्या फ्रेममध्ये नाहीत त्या वेळी स्पॉटदादा. चहा कुणी आणायचा यावरून जेवढी शूटिंगं फिसकटलीत तेवढी पावसानं फिसकटली नसतील.

चौथ्या माणसाला कमी समजू नका. डबा पहिल्या शॉटमध्ये उंबऱ्याच्या डाव्या अंगाला होता की उजव्या, कडी वर होती की खाली, ओढणी कुठल्या खांद्यावर, हे प्रत्येक ओके टेकनंतर फोटो काढून ठेवायचं. तुमच्या गोष्टीत वस्तू जागा बदलतात. एखादी वस्तू चुकून हलली तर प्रेक्षक तोही धागा समजून बसेल आणि शेवटपर्यंत तिची वाट बघत राहील.

शूट गोष्टीच्या क्रमानं करू नका. दाराशी घडणारं सगळं एका दिवशी, मग ते सीन दोन असो नाहीतर सात. घोंगड्या एकदाच लावायच्या म्हणजे पाचही रात्री ओळीनं, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दिवसाचे तीन सीन आणि राहिलेलं पॅचवर्क. दिवसाला वीस-बावीस शॉटच्या वर जाऊ नका. कागदावर पस्तीस लिहिणारे गट संध्याकाळी सहाला आजींच्या पाया पडताना बघितलेत.

दोघींच्या संवादाचा सीन असेल तर आधी दोघी दिसतील असा मास्टर, मग एकीच्या खांद्यावरून दुसरीचा चेहरा (याला आम्ही सजेशन म्हणतो), मग उलट, मग क्लोज. दोघींमध्ये मनातल्या मनात एक रेघ ओढा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली की लुक चुकतो, दोघी एकाच दिशेला बघून भिंतीशी बोलल्यासारख्या दिसतात. माझं टोपणनाव कुठून आलं ते कळलं असेलच. पहिल्या नोकरीतला पहिला आठवडा.

ट्यूबलाइटचे पट्टे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोन ऑटोवर असला की शटर भलत्याच वेगावर जातं आणि ती लपलप पट्ट्यांसारखी दिसते. हातानं सेटिंग देता येईल असं कॅमेरा ॲप घ्या, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा, शटर १/५० सेकंद. उजेड फार झाला तर १/१००. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर नायिका वळली की भिंतीचा रंग बदलेल.

बूमवाला

बाळा, चित्र थोडं काळं आलं तर लोक म्हणतात मूड आहे. आवाज फुटला तर उठून जातात. मी बावीस वर्षं आवाजाचं काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर.

कॉलर माइक कॅमेऱ्याच्या फोनला लावू नका. तिसरा फोन घ्या, विमान मोडवर टाका, त्यात माइक लावून नायिकेच्या खिशात ठेवा. कुर्त्याला खिसा नसेल तर कमरेला रुमालानं बांधा. माइक कापडावर घासला की खरखर येते, म्हणून मागून चिकटपट्टी लावून आत पक्का करा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये एक टाळी. एडिटला टाळी दिसते तिथं टाळीचा आवाज बसवला की झालं. कॅमेऱ्याच्या फोनवरचा आवाजही चालू ठेवा, पायलट म्हणून, म्हणजे जुळवून बघायला, लागतो.

फोनचे व्हिडिओ पुष्कळदा एकसारख्या फ्रेम-वेगानं रेकॉर्ड होत नाहीत. सुरुवातीला जुळलेला आवाज तीन मिनिटांनी ओठांच्या पुढं-मागं जातो, आणि पोरं सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. एडिटला घ्यायच्या आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या फायली कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या. फुकट आहे.

कुकरचं म्हणशील तर शेजारच्या वहिनींना वेळ विचारून घे. अकराच्या सुमाराला शिट्ट्या होणार असतील तर त्या अर्ध्या तासात बिनसंवादाचे शॉट लाव. पंखा बंद, फ्रिज बंद (परत चालू करायची आठवण राहावी म्हणून आमचा एक दोस्त गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचा). आणि प्रत्येक खोलीत अर्धा मिनिट सगळ्यांनी श्वास रोखल्यासारखं गप्प उभं राहून नुसत्या खोलीचा आवाज घ्या. संवादांच्या फटीत तोच भरायचा असतो. तो नसला तर दर वाक्यानंतर कानात खड्डा पडल्यासारखं वाटतं.

आणि शेवटचं. तुमच्याकडे स्टीलचा डबा आहे. कडी निघते तो आवाज, झाकण घट्ट बसलेलं असताना निघतं तो आवाज, डबा शहाबादी फरशीवर ठेवतात तो आवाज. हे तिन्ही वेगळे, जवळून, शांत वेळी रेकॉर्ड करा. याच्यापुढे विकतचं भीतिदायक संगीत काय करणार? एखादं सिनेमातलं गाणं किंवा पार्श्वसंगीत उचलून मात्र लावू नका, यूट्यूबवर टाकलं की कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.

मोरपंखी_वही

बूमवाला काका, आत्ताच घरातला डबा उघडून बघितला. खरंच तीन वेगळे आवाज आहेत. आई विचारतेय, रात्री साडेअकराला काय खातेयस.

बाकी सगळं वहीत उतरवून घेतलं. पाठलाग काढला. घड्याळवाला माणूस ठरला, आणि गंमत म्हणजे ज्याला मोकळा शेवट हवा होता तोच. पण शेवटाचं अजून तसंच आहे. मतदान घेतलं, तीन-तीन पडली.

रद्दीवाली

मी सिनेमावाली नाही, एकांकिका लिहिते. पण हे वाचून राहवेना.

मतदानानं शेवट ठरत नसतो गं. तुमचा शेवट सगळे ओळखतात कारण गोष्टीत माणसंच दोन आहेत. रूममेट नाही तर कोण, शेजारचा कुकर? मग ते लपवता कशाला? तिसऱ्या मिनिटाला दाखवून टाका.

सकाळची वेळ. नायिका कॉलेजला गेलीय. मोरीवर रूममेट भांडी घासतेय. मेसचा डबा, वाटी, तांब्या. मग बादलीमागून ती तो दुसरा डबा काढते. काथ्या घेऊन झाकण घासते, आणि कोरलेल्या नावावर आली की हात हळू होतो. बोटानं एकेक अक्षर स्वच्छ करते. मायेनं. एवढंच. संवाद नाही.

आता यानंतर प्रत्येक वेळी नायिका डबा उघडेल तेव्हा प्रेक्षकाला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. ती रूममेटला म्हणेल, ‘ये ना, तू पण जेव’, आणि रूममेट म्हणेल, ‘नको गं, तूच जेव.’ आत्ताच्या पटकथेत हे वाक्य असतंच तर कुणी ऐकलंही नसतं.

लाइन_क्रॉस

मला हे पटत नाही. तिसऱ्या मिनिटाला सगळं सांगून टाकलं तर पुढची सहा मिनिटं कशावर ओढणार? स्पर्धेत लोक शेवटच्या धक्क्याला टाळ्या वाजवतात.

रद्दीवाली

सगळं कुठं सांगितलं? कोण ते सांगितलं. आधीच्या मुलीचं काय झालं, आणि हिला वेळेत कळेल का, ते आहेच की.

तांबडापांढरा

दोघांचं ऐकत बसण्यापेक्षा मोरीचा शॉट घेऊन तर ठेवा. एक शॉट आहे. नाही आवडला तर एडिटला काढा, मोरीचं भाडं नाही पडत.

मोरपंखी_वही

आठवडाभरानं येतेय. तांबडापांढरा यांचं ऐकलं. शूट पुढच्या शुक्रवारपासून आहे, पण मोरीचा शॉट घरच्या मोरीवर घेऊन बघितला आणि टेस्टच्या तुकड्यांसोबत जोडला. वसतिगृहातल्या पाच मुलींना दोन्ही कट दाखवले. आधीचा बघताना दोघी फोन बघत होत्या. मोरीवाला लावला तेव्हा नायिका डबा उघडायला खाली बसली आणि एक मुलगी चक्क ‘खाऊ नको ना’ म्हणाली, मोठ्यानं. भूतवाल्या दोघांपैकी एक आता आमच्याकडे आहे. दुसरा अबोला धरून बसलाय, पण घोंगड्या त्याच्याच घरच्या आहेत, त्यामुळे त्याला जपतोय.

आज डबा घेऊन नाव घालायला भांड्यांच्या दुकानात गेले. त्या काकांनी मशीन सुरू केलं, नाव टिंबाटिंबांनी उमटलं, आणि मग विचारलं, ‘खाली काय घालू? सप्रेम भेट का स्मरणार्थ? तारीख कुठली?’ हे आमच्या पटकथेत कुणीच ठरवलेलं नाही! उद्या येते म्हणून डबा तिथंच ठेवून आलेय. सांगा, काय घालू?

रद्दीवाली

काहीच नको. पण झाकण भरेल असं नाव मध्यभागी कोरू देऊ नको. वर घालायला सांग, आणि खाली अजून एका नावापुरती जागा राहू दे.

मोरपंखी_वही

काकांनी नाव आधीच बरोब्बर मधे कोरलंय. सकाळी दुकान उघडायच्या आत दुसरा डबा घेऊन जाते. १८० रुपये गेले, घड्याळवाल्याला तुम्ही सांगा.