बिनव्हिसाचा नेपाळ, बिनव्हिसाचा भूतान: तुमचा कागद कुठे अडला, कुठे चालला?

आईला पशुपतिनाथाचं दर्शन घडवायचं होतं. तिकिटं काढली, मुंबई विमानतळावर काउंटरपर्यंत पोहोचलो, आणि तिथल्या मुलीने आमची दोघींची आधार कार्डं हातात घेऊन एक परत केलं. आई ७२ वर्षांची, तिचं चाललं. मी ४४ ची, माझं चाललं नाही. पासपोर्टची मुदत संपलेली, मतदार कार्ड साताऱ्याच्या घरी कपाटात. "नेपाळला व्हिसा लागत नाही ना?" मी तिला तीनदा विचारलं. तिने तीनदा तेच उत्तर दिलं, "व्हिसा नाही लागत मॅडम, पण आधारही चालत नाही." आई म्हणाली, मी एकटी जाऊन काय करू? दोघी परत फिरलो. भावाने मतदार कार्ड रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पाठवलं, दादरला पहाटे मी ते घेतलं, आणि दुप्पट पैसे मोजून तिसऱ्या दिवशी आम्ही काठमांडूला उतरलो.

परत आल्यावर मी हा विषय नीट वाचून काढला. मुळात ही सवलत ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारातून आली. त्याच्या सातव्या कलमात राहणं, मालमत्ता, व्यापार, येणं-जाणं या बाबतीत दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना परस्पर तत्त्वावर सारख्याच सवलती द्याव्यात असं म्हटलंय. त्यातला "नागरिकांना" हा शब्द महत्त्वाचा. आधार हे नागरिकत्वाचं प्रमाण नाही, म्हणून विमानाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं कार्ड. पूर्वी विमानालाही एवढी कडक तपासणी नव्हती. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेलं विमान पळवून कंदहारला नेलं, त्यानंतर हे सगळं आलं. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या आतल्यांना मात्र वय आणि ओळख दाखवणारा फोटोचा कुठलाही सरकारी कागद चालतो. आई त्यात बसली, मी नाही.

काउंटरवरून परत फिरलेली मी एकटीच नव्हते, त्या दिवशी माझ्या मागे आणखी एक कुटुंब होतं. म्हणून हा धागा. नेपाळ किंवा भूतानच्या सीमेवर तुमचं काय झालं ते सविस्तर लिहा. चांगलं घडलं असेल तर तेही लिहा.

नागपूरहून

ताई, तुमच्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही चौघे होतो. माझ्याकडे पासपोर्ट, बायकोकडे फक्त ड्रायव्हिंग लायसन्स, मुलांकडे शाळेची ओळखपत्रं. काउंटरवरच्या मुलाने बायकोला बाजूला काढलं. नियम असा आहे की नवरा, बायको, अल्पवयीन मुलं आणि आईवडील एकत्र जात असतील आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांकडे तोच कागद मागायचा नाही. फोटोचं काहीतरी ओळखपत्र आणि आपलं नातं दाखवणारा कागद पुरे. मी गृहमंत्रालयाच्या सूचनेची छापील प्रत आणि रेशनकार्ड, दोन्ही फाइलमध्ये घेऊनच गेलो होतो. रेशनकार्डाच्या आतल्या पानावर चौघांची नावं ओळीने. त्या मुलाने त्याच्या वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि "बरोबर आहे" म्हणून बोर्डिंग पास दिले. त्यात पंचवीस मिनिटं गेली. प्रत हातात नसती तर बायको घरी गेली असती, यात मला शंका नाही.

नाशिकहून, एक मुख्याध्यापिका

१५ ते १८ वयाची मुलं मधल्या मधे अडकतात. त्यांना मतदार कार्ड मिळत नाही आणि लहान मुलांची सूटही नाही. पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र चालतं, पण ते ठरलेल्या नमुन्यात हवं. आमच्या अकरावीतल्या एका मुलीला लिपिकाने नेहमीचं बोनाफाईड लिहून दिलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिचे बाबा धावत आले. शाळेला सुट्टी होती. मी शिपाईदादांना कुलूप उघडायला लावलं, नमुना मोबाईलवरून उतरवून घेतला, तिच्या फोटोवर अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असा गोल शिक्का मारला. तेव्हापासून कोरा नमुना मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. शिक्षक मंडळींनी आपापल्या शाळेत एवढं करावंच, ही विनंती.

कोल्हापूरहून

आम्ही रस्त्याने गेलो, मे २०१९, दोन गाड्या, अकरा माणसं, मुक्तिनाथ यात्रा. गोरखपूरहून सीमेवरचं सोनौली. माणसांना कुणी फार विचारलं नाही, गाड्यांना मात्र सगळं विचारलं. पलीकडे बेलहियाला भन्सार भरावा लागतो. भन्सार म्हणजे नेपाळी जकात, गाडीला दिवसाच्या हिशेबाने. किती दिवस राहणार ते आधीच सांगून पावती घ्यायची. ती पावती काचेजवळ नको, कागदपत्रांच्या पाकिटात ठेवा, वाटेत चार ठिकाणी दाखवावी लागली.

दुसरी गोष्ट नोटांची. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० च्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या आणि आमच्याकडे सगळे ५०० चे गठ्ठे. सोनौलीत वटाव देऊन शंभराच्या करून घेतल्या. नोटांचे नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजा नियम बघाच. दुकानात भाव विचारला की आधी ते विचारतात, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. १०० आयसी म्हणजे १६० एनसी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. हे डोक्यात पक्कं ठेवा, नाहीतर जेवणाच्या बिलात घोळ होतो.

मुक्तिनाथला जाताना अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना लागतो. सार्क देशांच्या लोकांना १००० नेपाळी रुपये, बाकी परदेशी लोकांना ३०००. आमच्या पुढे एक फ्रेंच जोडपं रांगेत होतं, तेव्हा हा फरक डोळ्यांनी पाहिला.

पुण्याहून

माझा नवरा जर्मन आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघे आणि माझे सासू-सासरे लुंबिनीला निघालो. सोनौली हे गाव म्हणजे एक लांबलचक बाजार आहे. ट्रकांची रांग, फळांच्या गाड्या, सिमकार्डाची टपरी, आणि पुढे कमान. सायकलरिक्षावाल्याने आम्हाला सरळ कमानीच्या पलीकडे नेऊन सोडलं. त्याला वाटलं सगळेच भारतीय. बेलहियाच्या खिडकीत नेपाळी अधिकाऱ्याने नवऱ्याचा पासपोर्ट उलटसुलट केला आणि विचारलं, भारतातून निघाल्याचा शिक्का कुठाय? शिक्का नव्हताच. माझ्यासाठी तिथे शिक्का नसतो, त्यामुळे मलाही सुचलं नव्हतं. परत भारतात. बाजारातच दुकानांच्या ओळीत भारतीय इमिग्रेशनचं छोटं ऑफिस होतं, आम्ही त्याच्या समोरूनच आलो होतो. शिक्का मारून पुन्हा पलीकडे. तिथे त्या तिघांनी १५ दिवसांचा व्हिसा घेतला, माणशी ३० डॉलर. मी बाकावर बसून होते. एकाच कुटुंबातल्या चौघांपैकी मला एकटीला काहीच लागलं नाही, हे तेव्हा फार विचित्र वाटलं.

खरा प्रश्न परतीचा होता. त्या तिघांचा भारताचा व्हिसा ई-व्हिसा होता. बाहेर पडताना तो कुठल्याही तपासणी नाक्यावर चालतो, पण आत यायला त्या वेळी फक्त ठरावीक विमानतळ आणि बंदरंच चालत. सोनौलीच्या त्याच ऑफिसातल्या साहेबांनी शिक्का मारताना आम्हाला बजावलं, "इथून परत येऊ शकणार नाही, माहीत आहे ना?" आम्हाला माहीत नव्हतं. गोरखपूरहून पुण्याची तिकिटं काढलेली होती. ती सोडून दिली. नेपाळातल्या भैरहवाहून काठमांडू, तिथून दिल्ली, दिल्लीहून पुणे. त्या साहेबांचे आजही आभार मानते. त्यांनी सांगितलं नसतं तर चार दिवसांनी सासू-सासऱ्यांना घेऊन मी त्या कमानीखाली उभी असते आणि मी एकटी आत जाऊ शकले असते. पुढच्या खेपेला नवऱ्याने वकिलातीतून कागदी व्हिसा काढला आणि रस्त्यानेच परत आला.

ज्यांच्या घरात परदेशी जावई किंवा सून आहे त्यांनी हे दोन प्रश्न आधी विचारा: निघाल्याचा शिक्का कुठे, आणि परत कुठून येता येईल.

(मधेच मी: पुण्याच्या ताईंचं वाचून माझी काउंटरवरची तक्रार मला फार लहान वाटायला लागली. भूतानवाले कुठे आहेत? लिहा.)

ठाण्याहून

आम्ही भूतानला दोनदा गेलो. २०१८ मध्ये मी आणि नवरा, मतदार कार्ड दाखवून सीमेवरच्या फुंत्शोलिंगला परवाना काढला, पैसे शून्य. मे २०२३ मध्ये आठ वर्षांच्या लेकाला घेऊन गेलो. २३ सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांनाही शाश्वत विकास शुल्क लागतं, मोठ्यांना रात्रीला १२०० रुपये, ६ ते १२ वयाच्या मुलांना निम्मं. आमचे रात्रीचे ३००० झाले, पाच रात्रींचे १५०००. लेकाचा जन्मदाखला मूळ प्रत म्हणून नेला होता, तो मागितलाच.

पहिल्यांदा मनाला लागलं. भूतानचे लोक आपल्याकडे व्हिसा न घेता, एक पैसा न भरता येतात, मग आपल्यालाच का? पण फुंत्शोलिंगच्या भिंतीपाशी उभं राहिलं की कळतं. अलीकडे जयगावचा कोलाहल, हॉर्न, कपड्यांचे ढीग. दरवाज्याच्या पलीकडे पाऊल टाकलं की गाड्या पादचाऱ्यांसाठी थांबतात. आठ लाखांच्या आसपास वस्तीचा देश आणि शेजारी १४० कोटी. आपण सगळे फुकट यायला लागलो तर तिथे काय उरेल? त्या वेळी भारताबाहेरचे पाहुणे रात्रीला २०० डॉलर भरत होते. मी १२०० आनंदाने भरले. नुसता सीमेवरच्या गावाचा फेरफटका असेल तर हे शुल्क लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

न्यू जर्सीहून

ठाण्याच्या ताईंना जोडून लिहितो. २०२४ मध्ये आईबाबांना घेऊन पारोला गेलो, चार रात्री. आम्ही नवराबायको अमेरिकन नागरिक, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. मला वाटायचं ओसीआय म्हणजे अर्धं भारतीयपण. भूतानच्या दृष्टीने ते नाही. आईबाबांचे दोघांचे मिळून चार रात्रींचे ९६०० रुपये, आमचे दोघांचे ८०० डॉलर (तोवर दर निम्म्यावर आला होता), शिवाय व्हिसा अर्जाचे माणशी ४० डॉलर. पैशांचं काही वाटलं नाही. पण पारोच्या विमानतळावर आईबाबा परवान्याच्या खिडकीकडे गेले आणि आम्ही व्हिसाच्या. बाबा मागे वळून बघत होते, की ही मुलं त्या रांगेत का उभी आहेत. नागरिकत्व बदलताना मी हजार गोष्टींचा विचार केला होता, या रांगेचा केला नव्हता. नेपाळलाही ओसीआयवाल्यांना व्हिसा घ्यावा लागतो.

रत्नागिरीहून

मी जिद्दाला कामाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनामुळे सौदीने भारतातून थेट येणं बंद केलं. १४ दिवस तिसऱ्या देशात काढून मग या, असं होतं. आमच्या गावातले बरेच जण काठमांडूमार्गे गेले, कारण तिथे जायला आपल्याला व्हिसा नाही. पण काठमांडूहून पुढे तिसऱ्या देशात जायचं तर भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र लागायचं. लैनचौरला दूतावासाबाहेर पहाटेपासून रांग. मी मार्चमध्ये निघून गेलो. माझा खोलीतला जोडीदार महिनाभर उशिरा आला, एप्रिलच्या अखेरीस नेपाळने हा मार्ग बंद केला आणि तो चौदाही दिवस हॉटेलात काढून, पैसे संपवून, रत्नागिरीला परतला. रमजान होता. नेपाळी हॉटेलमालकाने शेवटच्या तीन दिवसांचं भाडं घेतलं नाही, हे मुद्दाम लिहितोय.

पिंपरीहून

इथे सगळे आपण तिकडे जाण्याबद्दल बोलताय, मी तिकडून येणाऱ्यांबद्दल लिहितो. आमच्या सोसायटीचे वॉचमन दाई (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ) नेपाळच्या सुदूर पश्चिमेतल्या अछाम जिल्ह्यातले. एकोणीस वर्षं पुण्यात आहेत. व्हिसा नाही, कामाचा परवाना नाही, त्याच करारामुळे. पण त्यांना चाकणला एक खोली विकत घ्यायची होती तेव्हा वकिलांनी सांगितलं की नेपाळच्या नागरिकाला भारतात स्थावर मालमत्ता घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. आपल्यालाही नेपाळात जमीन घेता येत नाही. करारात मालमत्तेचं नाव आहे, व्यवहारात दोन्हीकडे दार बंद. दाईंनी भाड्याचीच खोली ठेवली. आमच्या इमारतीची राखण करणाऱ्या माणसाला चार भिंती घेता येऊ नयेत याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२० मध्ये टाळेबंदीत सीमा बंद झाली. दाई मे महिन्यात निघाले, सीमेवरच्या बनबसाला पोहोचले आणि पुलाअलीकडे दोन रात्री उघड्यावर काढल्या. फोनवर म्हणाले, "समोर माझा देश दिसतोय साहेब."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघे गेलो. त्याच बनबसाला उतरलो आणि शारदा नदीवरच्या बंधाऱ्यावरून चालत निघालो. नदीला ते पलीकडे महाकाली म्हणतात. आपल्या बाजूच्या जवानाने आमची मतदार कार्डं पाहिली, दाईंच्या बॅगेतल्या साड्या पाहिल्या, जा म्हणाला. पलीकडच्या पोलिसाने दाईंना काही विचारलं नाही, आमच्याकडे बोट करून विचारलं. दाईंनी डोक्यावरची बॅग खाली ठेवली आणि सांगितलं, "पाहुना हुन्." शब्द आम्हालाही कळला. बायको हसली, पोलीसही हसला. दाईंनी तिच्या हातातली पिशवीही स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पुढे चालू लागले.