नाण्यावरचा 'चॉप': छाप, ठसा की आणखी काही?

मैत्रेयी:
एका मित्राच्या संग्रहाची सूची मराठीत करते आहे. छिंग राजवटीच्या अखेरच्या काळात चीनमध्ये फिरलेली चांदीची नाणी आहेत: दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांताचे ड्रॅगनवाले डॉलर, मेक्सिकोचे गरुडवाले, आणि १८९५पासून खास पूर्वेच्या व्यापारासाठी पाडलेले ब्रिटिश ट्रेड डॉलर. बऱ्याच नाण्यांवर चिनी सराफांनी मारलेल्या बारीक खुणा आहेत. डॉलर हातात आला की सराफ चांदी पारखायचा, आणि खरी निघाली की आपल्या पेढीची खूण पोलादी ठशाने त्यावर ठोकायचा. एका नाण्यावर तर इतके घाव बसलेत की ते वाटीसारखं खोलगट झालंय. इंग्रजीत या खुणेला 'चॉप' म्हणतात. मी 'छाप' लिहिलं. मित्र म्हणतो, चूक. लोक छापा-काटा समजतील, नाण्याची दर्शनी बाजू. काय लिहू?

पेढीवाला:
ताई, 'छाप'च ठेवा. तो शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलाय. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) 'चॉप'ची व्युत्पत्ती हिंदी 'छाप' अशीच दिली आहे. व्यापाऱ्यांबरोबर तो क्वांगतुंगमधल्या कँटन बंदराला पोचला आणि तिथे शिक्का, परवाना, मालाची खूण, सगळ्यालाच लागला. नाणं पारखणाऱ्यालाही तिकडे 'श्रॉफ' म्हणत, म्हणजे आपला सराफ. हाँगकाँगला गाडी लावली की पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' अशी पाटी दिसते. मी ती पाहिली तेव्हा आजोबांची पेढी आठवली. ते रुपया आधी दगडावर वाजवून घेत, मग कानाजवळ धरत, आणि मगच गल्ल्यात टाकत.

अनघा_के:
सराफ मूळ अरबी, हे नोंदवून ठेवते. 'आपला' म्हणताना जपून.

पेढीवाला:
चारशे वर्षं वापरला, आडनाव म्हणून लावला, अजून परका?

मांडवीकाठ:
गोव्याहून लिहितोय. पोर्तुगीजमध्ये 'शापा' म्हणजे धातूचा पत्रा. कँटनजवळचं मकाव पोर्तुगीजांकडे होतं, कँटनचा व्यापारही आधी त्यांनीच केला. शब्द थेट हिंदीतून इंग्रजीत गेला असं मला वाटत नाही, मध्ये पोर्तुगीज तोंड असणारच.

विदिशा:
व्युत्पत्ती कुठलीही असो, मैत्रेयीची अडचण खरी आहे. 'नाण्यावर छाप आहे' म्हटलं तर मराठी वाचकाला टांकसाळीतला छापा दिसतो. 'आहत' घ्या. पंचमार्कला आपण 'आहत नाणी' म्हणतोच.

अनघा_के:
अजिबात नको. आहत नाणी म्हणजे ज्यांचं नाणेपणच त्या ठशांनी झालं, कोऱ्या चांदीच्या तुकड्यावर पाच खुणा ठोकल्या की नाणं तयार. इथे नाणं आधीच पाडलेलं आहे, खूण नंतर बाजारात बसते. दोन्हींना एकच शब्द दिला तर सूची वाचणारा मौर्यकाळात जाईल. 'सराफी ठसा' म्हणा, कुणी मारला तेही कळतं.

मैत्रेयी:
'सराफी ठसा' बरा वाटतोय. आता दुसरा खडा: क्वांगतुंगच्या डॉलरवर इंग्रजीत '७ मेस २ कँडरीन' असं वजन आहे. मी '७ मासे २ गुंजा' केलंय.

पेढीवाला:
थांबा! हे छापू नका, फार मोठा घोळ होईल. 'मेस' मलायी 'मास'वरून आला, आणि तो संस्कृत 'माष'पर्यंत नेतात, म्हणजे मासा त्याचा भाऊच. पण भावांची उंची वेगळी. आपल्याकडे ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून मासा ०.९७ ग्रॅम. टेल हे चिनी वजन, सरकारी टेल सुमारे ३७.३ ग्रॅम, आणि १० मेसचा एक टेल. म्हणजे मेस ३.७३ ग्रॅम, जवळजवळ चौपट. ७ मासे म्हटलं तर नाणं पावणेसात ग्रॅमचं होतं. हातातलं नाणं २७ ग्रॅमच्या आसपास भरेल, तराजूत घालून बघा. गुंजेचं तर विचारूच नका: कँडरीन मेसचा दहावा भाग, आपल्या गुंजेच्या तिप्पट. 'मेस' आणि 'कँडरीन'च लिहा.

आणि आकडाही भिंगाखाली नीट वाचा. १८८९ला पहिल्यांदा '७ मेस ३ कँडरीन'ची नाणी पाडली, पुढे २वर आले. ३वालं दुर्मिळ आहे, आणि म्हणून त्याच्या नकलाही बाजारात आहेत.

विदिशा:
मग 'ड्रॅगन' तरी कशाला ठेवता? देवळांच्या भिंतींवर 'व्याल' आहे की.

अनघा_के:
व्यालाचं अंग सिंहाचं. या नाण्यावरचा प्राणी सापासारखा वळलेला, खवलेवाला, नखं पसरलेला आहे. चिन्यांनी बौद्ध ग्रंथ भाषांतरित करताना 'नाग'साठी ड्रॅगनचं 'लुंग' हेच अक्षर वापरलं. नागार्जुनाचं नाव तिकडे 'लुंगशू' आहे. मराठी शब्द हवाच असेल तर 'नाग' म्हणा, त्याला दीड हजारांहून जास्त वर्षांचा आधार आहे.

मांडवीकाठ:
'नागवाला डॉलर' वाचून लोक फणा शोधतील. ड्रॅगन पोराटोरांना कळतो.

विदिशा:
पोरांना कळतो म्हणून ठेवायचा? मग सूची मराठीत कशाला करायची? आपण शब्द वापरलाच नाही तर तो रुळणार कसा?

पेढीवाला:
मैत्रेयीताई, त्या ब्रिटिश डॉलरवर उभी बाई आहे ना, हातात त्रिशूळ धरलेली? मधल्या टोकावर भिंग धरा. बारीक 'बी' असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं आहे.

मैत्रेयी:
आहे! टोकाच्या मध्यावर खोल दाबलेला, टाचणीच्या डोक्याएवढा. आणि बाईच्या खांद्यावर सराफाचं चौकोनी अक्षर, तिचा अर्धा दंड गेलाय त्यात. म्हणजे हे मुंबईहून निघून कँटनच्या बाजारात ठोकून घेऊन परत इथे आलं. मागच्या बाजूला चिनी अक्षरांबरोबर अरबीसारख्या लिपीतही काही लिहिलंय. मित्र 'उर्दू' म्हणतो, तसंच लिहू का?

अनघा_के:
उर्दू नव्हे, मलायी. लिपीला 'जावी' म्हणतात. पण 'अरबी लिपी' लिहायचं की 'जावी', यावर वेगळा धागा काढा.